दाटीच्या पटावरील डावपेच

दक्षिण भारतातील जुन्या मंदिरांच्या मंडपांत, पायऱ्यांवर आणि ओट्यांवर दगडात कोरलेल्या काही रेषाकृती आढळतात. कोठे एकात एक असे तीन चौकोन असतात, कोठे शिखरापासून उतरणाऱ्या रेषांचा त्रिकोण असतो, तर कोठे पाच-पाच घरांच्या ओळींचा चौरस. हंपीसारख्या ठिकाणी येणारा प्रवासी मूर्ती आणि खांब पाहून पुढे जातो. पायाखालच्या या रेषांकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः हे खेळाचे पट आहेत. ते कोणी कोरले याची नोंद बहुधा कोठेही नसते. ज्या दगडावर पट आहे त्याच्या वयावरून पटाचे वय ठरवता येत नाही, कारण मंदिर उभे राहिल्यानंतर कित्येक शतकांनीही एखाद्याने छिन्नी घेऊन तेथे रेषा ओढल्या असणे शक्य आहे.

या पटांचा आकार मात्र बोलका आहे. दोन माणसे समोरासमोर मांडी घालून बसली, तर त्यांच्यामध्ये सहज मावेल एवढीच जागा ते व्यापतात. घरे थोडी, रेषा मोजक्या आणि सोंगट्या मात्र पुष्कळ. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांत खेळल्या जाणाऱ्या अशा खेळांची नावे आणि आकृत्या भिन्न असल्या, तरी अरुंद जागेतील दाटी हे त्यांचे समान लक्षण आहे. या दाटीमुळे खेळाचे डावपेच कसे बदलतात, हा या प्रकरणाचा विषय आहे.

घरे आणि सोंगट्या

प्रथम काही आकडे पाहू. बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात आणि डाव मांडला म्हणजे त्यांपैकी ३२ घरे भरलेली असतात. म्हणजे अर्धा पट मोकळा असतो, आणि त्या मोकळ्या मैदानात दोन्ही सैन्ये पुढे सरकतात. पूर्व आशियातील गो या खेळाच्या पटावर ३६१ घरे असतात आणि आरंभी ती सर्व रिकामी असतात.

आता भारतातील काही लोकखेळांकडे वळू. या खेळांत रेषा जेथे एकमेकींना मिळतात त्या बिंदूंना घरे म्हणतात आणि सोंगट्या त्या बिंदूंवर ठेवतात. बंगालमधील ‘षोलो गुटी’ या खेळात ३७ घरे असून प्रत्येक खेळाडूजवळ १६ सोंगट्या असतात. डाव मांडल्यावर केवळ मधली पाच घरे रिकामी राहतात. बिहारमधील ‘प्रेतवा’ या खेळाचा पट तीन वर्तुळे आणि त्यांना छेदणारे तीन व्यास यांनी बनतो. त्यावर घरे १९ आणि सोंगट्या दोन्ही बाजूंच्या मिळून १८. बंगालमधील ‘लाऊ काटाकाटी’ या खेळात तर घरे अवघी १३, आणि त्यांपैकी १२ भरलेली. पंचवीस घरांच्या चौरस पटावर प्रत्येकी १२ सोंगट्यांनी खेळला जाणारा खेळही याच जातीचा आहे. कास्तीलचा राजा दहावा आल्फॉन्सो याच्या आज्ञेने १२८३ मध्ये सिद्ध झालेल्या खेळांच्या ग्रंथात नेमक्या याच पटाचा समावेश आहे. त्यावरून अशा पटांनी किती दूरचा प्रवास केला होता याची कल्पना येते. या खेळांचा तौलनिक अभ्यास करणारे एच. जे. आर. मरे यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील अशा अनेक पटांची नोंद केली आहे.

या आकड्यांमधून एक गोष्ट स्पष्ट होते. बुद्धिबळात खेळाडू आपल्या सोंगट्यांचा विचार आधी करतो आणि मोकळ्या घरांचा नंतर. जेथे १३ घरांत एकच घर रिकामे आहे, तेथे हा क्रम उलटा होतो. ते रिकामे घर हेच खेळातील सर्वांत मोलाचे द्रव्य असते. ते कोणाच्या हाती आहे, चाल झाल्यावर ते कोठे सरकते आणि ते सरकल्यामुळे कोणाची पाठ उघडी पडते, याचा हिशेब ज्याला साधला त्याला डाव साधतो.

वाघ आणि शेळ्या

हा हिशेब सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो वाघ-शेळीच्या खेळात. तमिळमध्ये त्याला ‘आडु पुलि आट्टम’, तेलुगूत ‘पुलि-मेका’, कन्नडमध्ये ‘आडु हुलि आट’ आणि बंगालीत ‘बाघबंदी’ असे म्हणतात. महाराष्ट्रातही तो वाघ-बकरी या नावाने ओळखला जातो. नेपाळमध्ये, तसेच सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या नेपाळी भाषकांमध्ये खेळला जाणारा ‘बाघचाल’ हा याच कुटुंबातील खेळ होय. पट निरनिराळे असले तरी कल्पना एकच आहे. एका खेळाडूजवळ थोडे वाघ असतात, दुसऱ्याजवळ पुष्कळ शेळ्या. वाघ शेळीवरून उडी मारून तिला खातो. शेळीला कोणालाच खाता येत नाही. तिला एवढेच करता येते, की आपल्या सोबतिणींसह वाघाचे सर्व मार्ग अडवून त्याची कोंडी करावी. ‘बाघबंदी’ या नावातच हे आले आहे: वाघाला मारावयाचे नसून बंदिस्त करावयाचे आहे.

बाघचालचा पट पाच ओळी आणि पाच स्तंभ यांचा असतो. आडव्या आणि उभ्या रेषांखेरीज एकाआड एक घरांतून तिरप्या रेषाही जातात. चार वाघ आरंभीच चार कोपऱ्यांवर बसवतात. शेळ्या २० असतात. त्या सुरुवातीस पटाबाहेर असतात आणि दर पाळीस एक याप्रमाणे रिकाम्या घरात ठेवल्या जातात. एक शेळी ठेवली, की एक वाघ सरकतो. सर्व २० शेळ्या पटावर येईपर्यंत आधी ठेवलेली कोणतीही शेळी जागची हलवता येत नाही. नंतर मात्र शेळ्याही एकेक घर सरकू लागतात. शेजारच्या घरात शेळी असेल आणि तिच्या पलीकडचे त्याच सरळ रेषेतील घर रिकामे असेल, तर वाघ तिच्यावरून उडी मारतो आणि ती शेळी पटावरून जाते. पाच शेळ्या गेल्या की वाघ जिंकले. चारही वाघांपैकी एकालाही चाल उरली नाही की शेळ्या जिंकल्या.

येथे एक साधे गणित मांडता येते. पंचवीस घरांपैकी चार वाघांची. एकही शेळी न गमावता वीसही शेळ्या पटावर आल्या, तर २४ घरे भरतात आणि एकच घर रिकामे राहते. एक शेळी गेली असेल तर दोन घरे रिकामी राहतात, दोन गेल्या असतील तर तीन. म्हणजे मारली गेलेली प्रत्येक शेळी शेळ्यांचे दुहेरी नुकसान करते: त्यांचे संख्याबळ एकाने घटते आणि वाघाला उडी मारण्यासाठी आणखी एक घर मिळते. मोकळ्या पटावर एका सोंगटीच्या हानीचा परिणाम पुष्कळदा बराच काळ जाणवत नाही. दाटीच्या पटावर तो पुढच्याच पाळीला जाणवतो.

कडेचा आसरा

नवखा खेळाडू आपल्या शेळ्या बहुधा मधोमध ठेवू लागतो, कारण मध्यभागी बळ असते अशी त्याची समजूत असते. वाघांच्या बाबतीत ती खरी आहे. शेळ्यांच्या बाबतीत ती घातक ठरते.

कारण उडीला सरळ रेषा लागते. शेळीच्या एका बाजूस वाघ आणि विरुद्ध बाजूस रिकामे घर, अशी जुळणी झाल्यावाचून ती मारली जात नाही. पटाच्या मध्यावरील घरातून आडवी, उभी आणि दोन तिरप्या अशा चार रेषा जातात; तेथील शेळीवर चार रेषांवरून संकट येऊ शकते. कडेवरील शेळीला मात्र केवळ कडेच्याच रेषेवरून धोका असतो, कारण इतर कोणत्याही दिशेने उडी मारली तर वाघ पटाबाहेर पडेल. कोपऱ्यातील शेळीला तर कोणीच मारू शकत नाही. पंचवीस घरांपैकी १६ घरे कडेची आहेत. शेळ्यांचे कुशल खेळाडू आधी कडा भरतात आणि मग हळूहळू आत सरकतात, त्याचे कारण हेच.

तथापि कडेवरील प्रत्येक घर सारखेच सुरक्षित नसते. वरच्या कडेवरील पाच घरांना डावीकडून १ ते ५ असे क्रमांक दिले आहेत असे समजू. वाघ १ आणि ५ या घरांत बसले आहेत. पहिलीच शेळी २ या घरात ठेवली, तर १ मधील वाघ तिच्यावरून ३ मध्ये उडी घेईल आणि शेळी तत्काळ जाईल. तीच शेळी ३ मध्ये ठेवली, तर वाघाला आधी २ मध्ये यावे लागेल. तो तेथे आला की ४ मध्ये उडी मारण्याची त्याची इच्छा उघड होते. तेव्हा शेळ्यांचा खेळाडू ४ या घरात दुसरी शेळी ठेवतो. आता पहिली शेळी वाचली. आणि ५ मधील वाघाला दुसऱ्या शेळीवरून उडी मारता येत नाही, कारण तिच्यापलीकडे पहिली शेळी उभी आहे. दोघी एकमेकींच्या आधाराने सुरक्षित झाल्या.

या लहानशा प्रसंगात संपूर्ण खेळाचे बीज आहे. शेळ्या ठेवण्याच्या काळात त्यांना पळ काढता येत नाही. संकटात सापडलेल्या शेळीला वाचवण्याचा एकच उपाय असतो, तो म्हणजे वाघ ज्या घरात उतरणार ते घर भरून टाकणे. म्हणूनच वाघांचा निपुण खेळाडू एका वेळी एकाच शेळीच्या मागे लागत नाही. एकाच चालीने दोन शेळ्या धोक्यात येतील असे घर तो शोधतो, कारण एका पाळीत प्रतिस्पर्ध्याला एकच घर भरता येते.

कोंडीचे गणित

वाघाला बंद करण्यास किती शेळ्या लागतात, हे त्याच्या घरावर अवलंबून असते. कोपऱ्यातील वाघाला तीनच शेजारघरे असतात. ती तीन आणि त्यांच्यापलीकडची तीन, अशी सहा घरे भरली की तो जागीच अडकतो. मध्यावरील वाघाला आठ शेजारघरे असतात आणि त्यांच्यापलीकडे आणखी आठ. त्याला अडकवण्यासाठी १६ घरे भरावी लागतात. ज्या कडेने शेळीला आसरा दिला तीच कडा वाघाला तुरुंग ठरते.

चारही वाघ चार कोपऱ्यांत असताना त्या सर्वांना एकाच वेळी बंद करण्यासाठी किती शेळ्या हव्यात? कडेवरील उरलेली बारा घरे, आतल्या चौकोनाचे चार कोपरे आणि मध्यबिंदू मिळून १७. शेळ्या २० आहेत, म्हणजे तीन गमावल्या तरी ही रचना साधता येते. चौथी गेली की ती हातची जाते. पण वाघ जर एकमेकांना चिकटून राहिले तर चित्र पालटते. समजा, चारही वाघ एकाच कोपऱ्यातील चार लगतच्या घरांत गोळा झाले. वाघाला वाघावरून उडी मारता येत नाही. प्रत्येक वाघ आपल्या सोबत्याचा मार्ग अडवतो. मोजून पाहिले असता अशा वेळी केवळ दहा शेळ्यांनी चौघांचीही कोंडी होऊ शकते, असे आढळते. सतरा आणि दहा यांमधील हा फरक म्हणजे बलवानांनी आपसांत केलेल्या दाटीची किंमत होय. दाटी शेळ्यांना तारते आणि वाघांना बुडवते.

यातून वाघांच्या खेळाडूने घ्यावयाचा धडा उघड आहे. त्याने वाघ विखुरलेले ठेवावेत, मध्य शक्यतो सोडू नये आणि प्रत्येक शिकार घेण्याआधी उडी संपल्यावर आपण कोठे असू हे पाहावे. कडेवरील शेळी मारणारा वाघ कडेवरच उतरतो, कारण ती शेळी केवळ कडेच्या रेषेवरूनच मारता येते. हे जाणून शेळ्यांचे अनुभवी खेळाडू प्रसंगी एखादी शेळी मुद्दाम देतात. वाघ ती खातो, कडेवर अडकून राहतो, आणि तेवढ्या अवधीत मध्यभाग भरला जातो.

आडु पुलि आट्टम या दक्षिणेकडील प्रकारात तीन वाघ आणि १५ शेळ्या असतात. पट त्रिकोणी असून त्यावर २३ घरे असतात. शिखरबिंदूपासून चार रेषा खाली उतरतात आणि तीन आडव्या रेषा त्यांना छेदतात. येथे सर्व शेळ्या पटावर आल्या तरी पाच घरे रिकामी राहतात, म्हणजे वाघांना श्वास घेण्यास जागा अधिक. पण वाघ एकाने कमी. शिखरावरील वाघाला बंद करण्यास आठ शेळ्या लागतात, तर सर्वांत वरच्या आडव्या रेषेच्या टोकावरील वाघाला चारच पुरतात. पट बदलला तरी टोकाच्या घरात जाणे वाघाला महाग पडते, हा नियम बदलत नाही. हा खेळ घराच्या ओसरीवर खडूने पट आखूनही खेळतात. चिंचोके शेळ्या होतात आणि मोठे खडे वाघ.

पहिल्या चालीचे बलिदान

आता दोन्ही बाजू समबल असलेल्या खेळांकडे वळू. लाऊ काटाकाटीच्या पटावर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून मांडलेले असतात. लाऊ म्हणजे दुधी भोपळा. मध्ये आवळलेली ही आकृती भोपळ्याची आठवण करून देते. दोन्ही टोके जेथे मिळतात तो मध्यबिंदू. प्रत्येक त्रिकोणात तीन-तीन घरांच्या दोन ओळी असतात, एक आतली आणि एक बाहेरची. प्रत्येक खेळाडूच्या सहा सोंगट्या त्या सहा घरांत असतात आणि केवळ मध्यबिंदू रिकामा असतो. शेजारच्या रिकाम्या घरात सरकावयाचे, किंवा शत्रूच्या सोंगटीवरून सरळ रेषेत पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारून ती घ्यावयाची, हा नियम.

पहिल्या खेळाडूसमोर पर्यायच नसतो. त्याला आतल्या ओळीतील एक सोंगटी मध्यबिंदूवर न्यावीच लागते. ती नेताच तिचे मूळ घर रिकामे होते, आणि त्याच रेषेवर समोर उभी असलेली शत्रूची सोंगटी मध्यबिंदूवरून उडी मारून नेमकी त्या रिकाम्या घरात येते. पहिली सोंगटी गेली. पण आता आत शिरलेल्या या सोंगटीच्या मागे पहिल्या खेळाडूची बाहेरच्या ओळीतील सोंगटी उभी आहे आणि पुढे मध्यबिंदू रिकामा आहे. ती उडी मारते आणि हिशेब बरोबरीत येतो. प्रेतवाच्या वर्तुळाकार पटावरही पहिल्या चालीनंतर हेच घडू शकते.

डावाचे खरे कौशल्य यापुढे सुरू होते. दुसऱ्या खेळाडूला मध्यबिंदूवरील शत्रूवर हल्ला करावयाचा आहे. त्याने त्याच रेषेवरील आपली बाहेरची सोंगटी आतल्या घरात आणली, तर तिची पाठ उघडी पडते आणि तीच मारली जाते. त्याऐवजी त्याने बाजूच्या रेषेवरील आतली सोंगटी आडवी सरकवून त्या घरात आणली, तर तिच्या मागे आपली सोंगटी राहते आणि तिला धोका उरत नाही. उलट मध्यबिंदूवरील शत्रूच संकटात येतो. दोन्ही चाली एकाच घरात जाणाऱ्या. एक नाश करणारी, दुसरी विजयाची वाट उघडणारी. दोहोंत फरक आहे तो मागे उरणाऱ्या पाठबळाचा. दाटीच्या पटावर सोंगटी कोठे जाते हे पाहणे पुरेसे नसते. तिने सोडलेले घर कोणाच्या उपयोगी पडेल, हे आधी पाहावे लागते.

येथेच या खेळांचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात येते. मोठ्या पटावर आपली पाळी ही संधी असते. दाटीच्या पटावर ती पुष्कळदा ओझे होते. सर्व सोंगट्या योग्य जागी असतात, हलवावे असे काही नसते, आणि तरीही चालणे भाग असते. चाललेली प्रत्येक चाल स्वतःच बांधलेल्या भिंतीला भोक पाडते. म्हणून निपुण खेळाडू एखादी निरुपद्रवी चाल राखून ठेवतो. शेळ्यांचा खेळाडू शेळ्यांनी वेढलेले, वाघाला पोहोचता न येणारे एखादे घर मुद्दाम रिकामे ठेवतो. अडचणीच्या वेळी एक शेळी त्या घरात सरकते, पुढच्या पाळीस परत येते, आणि भिंत अभंग राहून चाल करण्याची पाळी प्रतिपक्षावर जाते.

नवकंकरी

नवकंकरी हा खेळ भारतात आणि भारताबाहेरही दूरवर पसरलेला आहे. एकात एक तीन चौकोन, त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेषा, २४ घरे आणि प्रत्येकी नऊ खडे. दोन्ही खेळाडू पाळीपाळीने खडे ठेवतात. तीन खडे एका रेषेत आले की शत्रूचा एक खडा उचलता येतो. सर्व खडे ठेवून झाल्यावर ते शेजारच्या रिकाम्या घरांत सरकवावयाचे. ज्याच्याजवळ दोनच खडे उरले तो हरला. ज्याला चालच उरली नाही तोही हरला. यांतील दुसरी अट नवखे खेळाडू विसरतात. एकही खडा उचलला गेला नाही, तर १८ खडे पटावर येतात आणि सहाच घरे मोकळी राहतात.

या खेळात उडी नसते, त्यामुळे कडेचा आसराही नसतो. घराचे मोल तेथून निघणाऱ्या वाटांवरून ठरते. चौकोनांच्या बारा कोपऱ्यांतून प्रत्येकी दोनच वाटा निघतात. आतल्या आणि बाहेरच्या चौकोनांच्या बाजूंच्या मध्यावरून तीन, तर मधल्या चौकोनाच्या चार मध्यबिंदूंवरून प्रत्येकी चार. तीनची ओळ लवकर जुळावी म्हणून घाईने कोपरे धरणारा खेळाडू पुढे आपलेच खडे अडकलेले पाहतो. जो आरंभीच मधल्या चौकोनाचे चौरस्ते धरतो, त्याचे खडे शेवटपर्यंत हलते राहतात. शत्रूच्या प्रत्येक खड्याला किती वाटा उरल्या आहेत हे मनात मोजत राहणे, ही या खेळातील मुख्य सवय होय.

संगणकाची साक्ष

पट एवढा लहान असेल तर त्यातील सर्व शक्यता मोजून खेळ कायमचा सोडवता येणार नाही काय? हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या साहाय्याने हाती घेण्यात आला. नवकंकरीचे उत्तर राल्फ गासर यांनी १९९३ मध्ये दिले: दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ केल्यास डाव बरोबरीत सुटतो.

बाघचालचे विश्लेषण लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट यांनी केले. सर्व शेळ्या पटावर आल्यानंतरच्या खेळातील, पट फिरवून वा उलटवून सारख्या न ठरणाऱ्या स्थिती ८ कोटी ८२ लाखांहून अधिक आहेत, असे त्यांना आढळले. त्यांतील प्रत्येकीचा निकाल शेवटाकडून मागे येत ठरवता आला. पण शेळ्या ठेवण्याचा आरंभीचा टप्पा याहून कितीतरी अवघड निघाला. त्यात वीस शेळ्या आणि त्यांच्यामधील वाघांच्या एकोणीस चाली मिळून ३९ पायऱ्या असतात, आणि त्यांच्या शाखांचा विस्तार एकावर एकेचाळीस शून्ये एवढ्या संख्येच्या घरात जातो. अखेर निघालेला निष्कर्ष हाच, की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर हा डावही बरोबरीचा आहे.

ही बरोबरी विचार करण्याजोगी आहे. एका बाजूस मारण्याची शक्ती असलेले चार, दुसऱ्या बाजूस ती शक्ती मुळीच नसलेले वीस. जिंकण्याच्या अटीही निरनिराळ्या. तरीही ही विषम पारडी पूर्ण समतोल निघतात. शेळ्यांची संख्या, घरांची संख्या आणि तिरप्या रेषांची योजना यांपैकी काहीही बदलले, तर हा समतोल टिकेलच असे नाही. संगणकाचा लवलेश नसलेल्या काळात खेळणाऱ्यांनी पुन्हापुन्हा खेळून, कोणती बाजू सारखी जिंकते हे पाहून असा पट सिद्ध केला असावा. निकाल बरोबरीचा आहे हे ठाऊक झाल्याने खेळातील गोडी मात्र कमी होत नाही, कारण निर्दोष खेळ माणसाच्या आवाक्याबाहेरचाच राहतो. ओसरीवर बसलेल्या दोघांपैकी एक जण केव्हा तरी चुकतो.

पटांचे पुढे काय

या खेळांना लागणारे साहित्य नाममात्र आहे. खडूचा तुकडा, मूठभर खडे किंवा चिंचोके आणि एक सपाट जागा एवढे पुरते. त्यामुळेच ते सर्वत्र पोहोचले, आणि त्यामुळेच त्यांचे पुरावे टिकले नाहीत. खडूच्या रेषा पहिल्या पावसात पुसल्या जातात. राहिले ते दगडातील पट. तेही हजारो पावलांखाली झिजतात. जुनी फरशी काढून नवी बसवली, की त्यावरील पट नाहीसा होतो, आणि त्याची नोंद झालेली नसेल तर तो होता हेही कोणाला कळत नाही. महाराष्ट्रातील काही लेण्यांमध्येही असे पट आढळले असून अलीकडे अभ्यासकांनी त्यांची मोजमापे आणि छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली आहे.

नोंद पटाची होते. खेळण्याची रीत मात्र माणसांजवळ असते. एकाच आकृतीवर दोन गावांत दोन निरनिराळ्या नियमांनी खेळ चालतो. कोठे नवकंकरीत तीन खडे उरलेल्या खेळाडूला कोणत्याही रिकाम्या घरात उडी घेण्याची मुभा असते, कोठे नसते. कोठे चौकोनांचे कोपरेही तिरप्या रेषांनी जोडलेले असतात. हे भेद दगडावर कोरलेले नसतात. ते आजीकडून नातवाकडे, थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे खेळता खेळताच जातात. एखाद्या मंदिराच्या ओट्यावर असा पट दिसला, तर त्याचे छायाचित्र घ्यावे हे खरेच. पण त्याबरोबरच शेजारी बसलेल्या वृद्धाला, येथे वाघ प्रथम कोठे ठेवतात, एवढे विचारून घ्यावे.